दिलेलं वाजवायचं नाही

४ जानेवारी

भिंगरी,

अक्षर ओळखून पाकीट फाडायच्या आधी एवढं वाच. हे पत्र भांडणाचं नाही. मला बोट घ्यायची आहे. समुद्रात चालवायची, लांबट, एकटीने बसायची कयाक. हस. हसून झालं की पुढे वाच.

डॉक्टर म्हणाले, गुडघ्यांवर भार येणार नाही असा व्यायाम करा. लोक पोहायला जातात, मी वल्हवायला गेले. क्लबात शिकवायला एक बाई आहे. तिचा आवाज असा की पलीकडच्या किनाऱ्यावरचा माणूसही पाठ ताठ करेल. तिने मला आधी पाण्यात उलटं पाडलं, मग उलट्या बोटीतून बाहेर यायला शिकवलं, मग पाण्यात पडलेल्या दुसऱ्याला ओढून आणायला शिकवलं. नाकातोंडात पाणी गेलं, वर्गासमोर अब्रू गेली, पण शिकले. क्लबच्या बोटी सगळ्यांच्या हातातून गेलेल्या, बसायच्या जागी कायम कुणाचं तरी ओलं. आता स्वतःची हवी.

आणि इथे माझं गाडं अडलंय. प्लास्टिकची घेऊ की फायबरची? प्लास्टिकची जड. दोघांनी उचलावी लागते, पाण्यात सुस्त चालते, उन्हात तापली तर तिचा तळ पोचे पडल्यासारखा आत जातो. पण खडकावर आपटा, वाळूवरून फरफटत न्या, तिला काही सोयरसुतक नाही. फायबरची दिसायला राजकन्या. हलकी, सरळ जाते, एका वल्ह्यात दोन वल्ह्यांचं अंतर कापते. पण दगड लागला की चरा, जोरात लागला की तडा. वर एक कार्बनची असते, ती उचलून पाहिली तर रिकामा ट्रे उचलल्यासारखी. किंमत ऐकली आणि जिथून उचलली होती तिथे अलगद ठेवली.

तुला यातलं माझ्यापेक्षा जास्त कळतं. तू रोज पाण्यावर असतेस आणि तुझा नवराच बोटी बनवतो. म्हणून विचारतेय. जावईबापूंच्या वर्कशॉपकडे मी फिरकलेली नाही आणि फिरकणारही नाही, तेव्हा तो विषयच नको.

दुकान बरं चाललंय. कपबशा लोक अजून फोडतात, त्यामुळे आपलं पोट भरतं. आई बसायची त्याच स्टुलावर बसते आणि तिच्यासारखीच प्रत्येक कप अंगठीने वाजवून गिऱ्हाइकाला देते. परवा एक बाई म्हणाली, "अहो, किती ठोकता? फुटेल ना." मी म्हटलं, फुटायचा असेल तर इथेच फुटू दे, तुमच्या मांडीवर चहा नको सांडायला.

दोन ओळी तरी लिही. प्लास्टिक की फायबर, एवढंच.

तुझी ताई


१९ जानेवारी

भिंगरी,

उत्तर नाही. ठीक आहे. फोन केला तर नंबर लागत नाही, म्हणजे तू मला अजून अडवूनच ठेवलंयस. घरच्या नंबरवर केला तर जावईबापू गोड आवाजात म्हणतात, "ती पाण्यावर आहे, सांगतो तिला." तीनदा सांगितलं असेल तर तीनदा तू ऐकलं असशील.

मागच्या पत्रात मी एक थाप मारली. वर्कशॉपकडे फिरकले नाही म्हणाले ना? फिरकले होते. ते पत्र लिहायच्या आधीच. बस पकडून तुमच्या गावी आले, वाटलं तू असशील, समोरासमोर आलो तर तू काही मला हाकलून देणार नाहीस. तू नव्हतीस. तो होता.

वागायला फार चांगला वागला. खुर्ची पुसून दिली, पाणी दिलं. "ताई, तुम्ही आलात, बरं वाटलं," म्हणाला. मी सांगितलं, बोट बघायला आलेय. खोटं नव्हतं ते. त्याने सगळं दाखवलं. गाडी ठेवायच्या गाळ्यात तो बोटी बनवतो हे मला माहीत नव्हतं. गाळा आखूड, बोट लांब. म्हणून तो बोटीचा पुढचा अर्धा भाग वेगळा बनवतो, मागचा वेगळा. भिंतीला बोटींची ती अर्धी अर्धी अंगं उभी करून ठेवली होती. नंतर दोन्ही जोडतो, जोडावर आतून-बाहेरून फायबरची पट्टी चिकटवतो आणि वरून रंग मारतो. जोड कुठे आहे ते डोळ्याला दिसत नाही, हे त्यानेच कौतुकाने सांगितलं.

मला एक पिवळी दाखवली. "तुमच्यासाठी ही योग्य, पहिलीच बोट आहे ना." मी हात फिरवला, आणि सवयीचा हात, तुला माहीतच आहे, अंगठी वाजली. पुढे टण्. मागे टण्. मधे, बसायच्या जागेच्या जरा मागे, भद्. पुन्हा वाजवलं. भद्. वरून, बाजूने, तळाला, सगळीकडून तेवढाच पट्टा मुका. असा मुका, म्हणजे आतून तडकलेला कप आईने गिऱ्हाइकाला दाखवलाही नसता.

तो हसला. म्हणाला, "तिथे पट्टी आहे ना, अंग जाड आहे, म्हणून आवाज जाड." मी विचारलं, सगळ्या बोटींना अशीच पट्टी? "सगळ्या. तुमच्या बहिणीच्या लाल बोटीलासुद्धा. लग्नाच्या वाढदिवसाला दिली तिला. फार जपते ती." आणि मग थांबून म्हणाला, "ती मात्र कधी वाजवत बसत नाही."

भिंतीवर तुझा फोटो होता. लाल बोट, लाल जॅकेट, तू वल्हं वर करून हसतेयस. खाली छापलंय, फेब्रुवारीच्या मध्यातल्या रविवारी तू एकटी बेटावरच्या दीपगृहापर्यंत जाऊन परत येणार. "ती जाऊन आली की रांग लागेल बघा," तो म्हणाला.

मी घरी आले आणि प्लास्टिकची घेतली. हिरवी. तू बघितलीस तर म्हणशील बादली घेतलीस. क्लबातले तिला बादलीच म्हणतात. विकणारा म्हणाला, गच्चीवरून टाका, उसळेल. मी टाकून बघितली नाही, पण टिचकी मारली तर सगळ्या अंगभर एकच आवाज आला. ठक, ठक, ठक. बेसूर, पण एकसारखा.

भिंगरी, मी काही म्हणत नाही. तू चिडशील म्हणून म्हणत नाही. फक्त एकदा तुझी बोट वाजवून बघ.

ताई


२ फेब्रुवारी

भिंगरी,

आता म्हणते. चिडायचं तर चीड.

क्लबातल्या बाईंना मी पिवळ्या बोटीचं सांगितलं तर त्यांनी मला बाजूला नेलं. आणि हळू आवाजात बोलल्या, त्या बाई! म्हणाल्या, त्यांच्या ओळखीच्या एका माणसाने तुमच्याकडची बोट घेतली होती. किनाऱ्याजवळ, कमरेइतक्या पाण्यात, लाट नाही की खडक नाही, ती बसायच्या जागेच्या मागून उकलली. माणूस चालत बाहेर आला. जावईबापूंनी त्याच्या पाया पडून त्याला नवी बोट दिली आणि ही गोष्ट बाहेर बोलू नका म्हणाले. तो बोलला नाही, कारण नवी बोट फुकट मिळाली होती. वाघासारखा माणूस म्हणे, शेपूट घालून बसला.

मी म्हटलं, असं का व्हावं? आपण काही फायबरवाले नाही, पण आपलं आयुष्य चिनी मातीत गेलंय. चकचकीत अंगावर गोंद धरत नाही हे तुला आणि मला शाळेत जायच्या आधीपासून माहीत आहे. आई कपाचा तुटलेला कान चिकटवायच्या आधी काचकागदाने चकाकी घासून काढायची. आपण दोघी ती पांढरी धूळ फुंकून एकमेकींच्या तोंडावर उडवायचो आणि मार खायचो.

तर मी बोटींना लावतात तसलंच रेझिन, तो चिकटवायचा द्रव, आणलं, फायबरची पट्टी आणली. दोन चकचकीत प्लेटा घेतल्या. एक घासली, एक नाही. दोन्हींवर पट्टी चिकटवली, नीट वाळू दिली. घासलेलीवरची पट्टी पकडीने ओढली तर प्लेट फुटली पण पट्टी सुटली नाही. न घासलेलीवरची मी अंगठ्याने उचलली. अख्खी आली, खालून काचेसारखी गुळगुळीत.

आणि मग मला त्याचा गाळा आठवला. त्या दिवशी काहीतरी खटकलं होतं आणि काय ते कळत नव्हतं. धूळ नव्हती, भिंगरी. बोटी घासणाऱ्या माणसाच्या गाळ्यात धुळीने श्वास घेता येत नाही, क्लबच्या दुरुस्तीवाल्याकडे जा, त्याच्या भुवयासुद्धा पांढऱ्या असतात. तुमच्याकडे फरशीत तोंड दिसत होतं. मी तर स्वच्छतेचं कौतुक करून आले होते!

तो घासत नाही. वेळ वाचवतो, त्याला त्या धुळीने खोकला येतो, काय असेल ते असो. जोड नुसता रंगावर टिकलाय. रोज खाडीत जाऊन यायला तो पुरेल. मधल्या समुद्रात लाट पुढून उचलते आणि मागून उचलते, आणि सगळा भार नेमका त्याच पट्ट्यावर येतो.

बंदरातल्या ऑफिसला जाऊन आले. तिथले म्हणाले, खाजगी बोट, खाजगी हौस, आम्ही काय करणार, पोलिसांत जा. पोलिसांत गेले तर म्हणाले, अजून काही झालेलं नाही ना बाई.

मला माहीत आहे तू काय म्हणशील. म्हणशील, ताईचं पुन्हा तेच. लग्नाच्या दिवशी त्याने तुला चहाचा सेट दिला आणि मी भर मांडवात किटली वाजवली. तुझा चेहरा मला दिसतोय अजून. सगळे हसले, तो पण हसला, तू एकटी हसली नाहीस, आणि त्या दिवसापासून तू दुकानाची पायरी चढली नाहीस. एक सांगू? मला त्याचं वाईट वाटत नाही. किटली मुकी होती. मुकी म्हणजे मुकी. मला वाईट याचं वाटतं की तू तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीस, आणि दुकान बंद करताना मी अजून मागे वळून तुला हाक मारते.

आईचा नियम तू मला ऐकवला होतास, जाता जाता. विकत घ्यायचं ते वाजवून घ्यायचं, विकायचं ते वाजवून विकायचं, पण कुणी प्रेमाने दिलं तर ते वाजवायचं नाही. तसंच ठेवून घ्यायचं. आईने आयुष्यभर पाळला तो, आणि आपल्याला पाळायला लावला. म्हणूनच तू लाल बोट वाजवणार नाहीस. त्याने दिलेली आहे ना. पण आई कपांबद्दल बोलत होती गं! कप फुटला तर चहा सांडतो.

या पाकिटात आईची अंगठी आहे. ती तुलाच द्यायची होती, मी बळकावून बसले होते. ही घाल आणि बोटीच्या मधोमध वाजव. तुझा कान माझ्यापेक्षा चांगला, आई नेहमी म्हणायची. ऐकल्यावर तुला जायचं असेल तर जा, मी एक शब्द बोलणार नाही.

हे शेवटचं वाक्य पण थापच आहे.

ताई


११ फेब्रुवारी

हे पत्र पोस्टाने पाठवत नाही. का ते सांगते.

आज एक पाकीट आलं. मी उडी मारली, म्हटलं आलं तुझं उत्तर. वर अक्षर तुझं नव्हतं. सुबक, एकसारखं, रांगेत उभं केल्यासारखं अक्षर. आत आईची अंगठी आणि एक चिठ्ठी. चिठ्ठी जशीच्या तशी उतरवते:

"ताई, तुमची वस्तू परत पाठवत आहे. माझी बायको मी दिलेलं वाजवत नाही. हे तुमच्याच घरचं वळण आहे. काळजी नसावी."

म्हणजे माझी तिन्ही पत्रं तुला मिळालीच नाहीत. तो वाचतोय. तू मला उत्तर दिलं नाहीस म्हणून मी तुला मनातल्या मनात काय काय बोलले! आणि तुला वाटत असेल, ताईने एवढ्या दिवसांत एक ओळ लिहिली नाही.

मी अंगठी उजेडात धरली. तिच्यावरच्या नक्षीत, तुला आठवतं ना, कडेने वेलबुट्टी आहे, त्या खाचेत लाल रंग बसलाय. लाल भुकटी. त्या गाळ्यात मी वाजवली ती बोट पिवळी होती. आणि तुझ्याकडे पाठवायच्या आधी मी अंगठी ब्रशने घासून लख्ख केली होती, तुझ्या बोटात जाणार म्हणून.

तू वाजवली असतीस तर अंगठी त्याच्या हाती दिली नसतीस. एक तर ठेवून घेतली असतीस, नाहीतर स्वतः येऊन माझ्या तोंडावर फेकली असतीस. तुला मी ओळखते. वाजवली ती त्याने. पट्टीची कड खरवडूनही पाहिली. ऐकलं, पाहिलं, आणि मग अंगठी पुसून पाकिटात घातली आणि मला लिहिलं काळजी नसावी.

मला आत्तापर्यंत वाटत होतं की तो आळशी आहे. तो आळशी नाही. त्याला माहीत आहे. भिंतीवर फोटो लागलाय, लोकांना बोलावलंय, आता नाही म्हणायला त्याची जीभ रेटत नाही, आणि त्यापेक्षा तू गेलेली त्याला चालेल. मी तुझ्याबद्दल हे वाक्य लिहितेय यावर माझाच विश्वास बसत नाही.

क्लबातल्या बाई उद्या तुमच्या किनाऱ्यावर जाणार आहेत. तू सरावाला उतरलीस की हे पत्र तुझ्या हातात देतील. फक्त तुझ्या. ते जमलं नाही तर रविवारी मी येते. बादली घेऊन येते. सगळ्यांसमोर तुझी बोट वाजवते, मांडवात वाजवली होती तशीच. लोक हसतील, तू पुन्हा आयुष्यभर बोलू नकोस. चालेल मला.

ताई


२१ फेब्रुवारी
वॉर्डाबाहेरच्या बाकावरून

भिंगरी,

सिस्टरबाई चांगल्या आहेत. गोळ्यांच्या ट्रेखाली हे पत्र ठेवून तुझ्यापर्यंत आणते म्हणाल्या. मला आत सोडत नाहीत. त्याने लिहून दिलंय, बहिणीमुळे पेशंटला त्रास होतो. काल मी तुझ्या उशाशी जरा आवाज चढवला, ते निमित्त झालं.

तुला सगळं आठवतं की नाही मला माहीत नाही, म्हणून लिहिते. उद्या सकाळी तो गाडी घेऊन तुला न्यायला येणार आहे. त्याच्या आधी तू हे वाचलेलं असावंस.

बाईंकडचं पत्र तुला मिळालं नाही. त्या किनाऱ्यावर उभ्या होत्या, तो तुझ्या शेजारून हलला नाही. आणि रविवारची मोहीम त्याने शनिवारी काढली. मी आणि बाई शनिवारी दुपारी पोहोचलो, म्हटलं रात्रभर तिथेच राहू म्हणजे सकाळी चुकामूक नको. टेम्पोवरून बादली उतरवतोय तर किनाऱ्यावर लोक खुर्च्या आवरत होते. तो दुर्बीण घेऊन उभा. मला बघून दचकला नाही. म्हणाला, "हवा आज छान मिळाली ताई, म्हणून आजच सोडली तिला."

मी म्हटलं, वाजवून पाहिलीत ना तुम्ही?

तो म्हणाला, "चांगली चाललीय की. बघा." आणि मला दुर्बीण देऊ लागला.

मी घेतली नाही. बाईंनी तेवढ्यात दोन्ही बोटी पाण्यात लोटल्या होत्या, त्यांची आणि माझी. तुझी हलकी, तू केव्हाच लांब. माझी जड. आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की खुळ्यासारखी प्लास्टिकची का घेतली, फायबरची असती तर गाठलं असतं. मी रडत होते आणि वल्हवत होते आणि तुला शिव्या देत होते. बाई पुढून ओरडत होत्या, पाठ सरळ, पाठ सरळ! किनारा मागे गेला, वारा फिरला, लाटा पुढून यायला लागल्या. बादली प्रत्येक लाटेवर धपकन आपटायची. तिला काही झालं नाही.

मग बाईंना पाण्यातून वर आलेलं लाल काहीतरी दिसलं. तुझ्या बोटीचा मागचा अर्धा भाग होता, उभा, बाटलीसारखा तरंगत. तू त्याला मिठी मारून होतीस. ओठ निळे. पुढचा भाग जरा लांब होता, बाईंनी त्याला दोर बांधला, मागचा माझ्या बोटीला बांधला. मी तुला माझ्या बोटीवर आडवी ओढून घेतली, शिकवलं होतं तसं, आणि तू डोळे उघडून मला बघितलंस. इतक्या वर्षांनी तुझं पहिलं वाक्य काय? "खडक होता, ताई."

त्या पट्ट्यात कुठेही खडक नाही. बंदरातला माणूस म्हणतो तिथे तळापर्यंत दोरसुद्धा पुरत नाही. थंडीने दात वाजत असताना तू त्याला सांभाळत होतीस.

किनाऱ्यावर तो धावत पाण्यात आला. सगळ्यांसमोर तुला छातीशी धरून रडला. खरे अश्रू होते, मी जवळून बघितले. मग तुला गाडीत घालून मी वळले, तर मागचा भाग गायब. त्याने उचलून नेला होता. संध्याकाळी पेपरवाल्यांना सांगितलं, खडकावर आपटली, बोटीचा दोष नाही. पुढचा भाग मात्र बाईंच्या दोराला होता. तो आता आपल्या दुकानात आहे, कपाटांच्या मधे, आणि पट्टी त्याला एका कडेने लोंबतेय. आतून बघ तिला, भिंगरी. गुळगुळीत. तोंड दिसतं.

हे सगळं मी काल तुला सांगितलं, पत्रांचं, अंगठीचं, लाल भुकटीचं. तू भिंतीकडे तोंड केलंस आणि म्हणालीस, "तू पुन्हा तेच करतेयस." मग माझा आवाज चढला, मग मला बाहेर काढलं. निघताना मी अंगठी तुझ्या बोटात सरकवली. तू काढली नाहीस, पण तेवढ्यावर मी काही इमले बांधले नव्हते. रात्री टेम्पोत बसून विचार केला की तू पुन्हा त्याच्याबरोबरच जाशील. त्याने सिस्टरबाईंना सांगितलंय, नवी बोट करायला घेतलीय, आधीपेक्षा सुंदर, ती बरी झाली की पुन्हा निघेल.

आणि आज दुपारी तो आला. मी बाकावरच होते, वॉर्डाचं दार पुरतं लागलेलं नव्हतं. त्याच्या हातात चहाचा मग होता. मोहिमेसाठी छापून घेतलेला, त्यावर तू आणि लाल बोट. रिबीन बांधलेली. तुझ्या हातात देत म्हणाला, "पहिला तुझ्यासाठी ठेवला होता."

तू तो घेतलास. फिरवून बघितलास. आणि मग तुझा हात वर आला, भिंगरी, आणि तू आईच्या अंगठीने तो वाजवलास.

भद्.

तो म्हणाला, "अगं, हे काय?"

तू कान जवळ नेलास आणि पुन्हा वाजवलास, आई वाजवायची तसा, तीन ठिकाणी. त्याचा चेहरा मला दिसत नव्हता. त्याची पाठ दिसत होती. मग तो अगदी हळू म्हणाला, "दमलीयस तू. उद्या लवकर येतो. घरी गेलो की सगळं ठीक होईल." आणि जाताना त्याने तुझ्या बोटातली ती अंगठी काढून घ्यायला हात पुढे केला. तू मूठ आवळलीस.

मी सगळं ऐकलं. तुला मला काही सांगायची गरज नाही, कबूल करायची नाही, माझी माफी तर मुळीच मागायची नाही. मला त्या मगाचा आवाज पुरला.

सकाळपर्यंत थांबायचं नाही. तो म्हणाला लवकर येतो, आणि त्याचं लवकर म्हणजे काय ते आपण शनिवारी बघितलं. डॉक्टरीणबाईंशी मी बोललेय, तुझी स्वतःची सही पुरते, त्याची लागत नाही. सिस्टरबाई कागद घेऊनच आल्यात, ट्रेमध्ये खाली बघ. दुकानाच्या वरची खोली झाडून ठेवलीय, तुझा पलंग होता तिथेच आहे. क्लबातल्या बाई मागच्या दाराशी टेम्पोत बसल्यात, इंजिन चालू ठेवून.

सही कर आणि उठ. तो मग तिथेच राहू दे. तुझ्या चपला त्याने नेल्यात, माहीत आहे, मी दुसऱ्या आणल्यात.

ताई